बिनवशिल्याचा दरबार

डोंगरकड्यात कोणालाही विचारा, "कोतवालाचं घर कुठं हो?" समोरचा माणूस लगेच हात वर करून दिशा दाखवणार नाही. आधी विचारील, "नवा का खरा?"

नवा म्हणजे सध्या नोकरीवर असलेला. तो मोटारसायकलवर फिरतो आणि गावाला जे काही सांगायचं ते मोबाईलवर टाकून मोकळा होतो. खरा म्हणजे उकंडराव. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावाने त्यांना निवृत्त केलेलं नाही. त्याचं कारण त्यांचा आवाज. बसस्टँडपाशी उभं राहून उकंडरावांनी "ऐका हो ऐका" म्हटलं, की केळीच्या बागेत पाण्याची दारं धरणारा माणूस खोरं टेकवून उभा राहायचा. एकदा त्यांनी लेकरांच्या डोसाची दवंडी अशी काही दिली, की पलीकडच्या वाडीतल्या बाया लेकरं काखेत मारून धावत आल्या. त्यांना वाटलं, आग लागली.

आता त्यांच्या नावाबद्दल. आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर आजीने त्यांना नेऊन उकिरड्यावर ठेवलं आणि काळाला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "टाकून दिलेलं हाय बाबा, तुझ्या कामाचं न्हाई." मग उचलून घरी आणलं. काळ फसला, पोरगं जगलं, उकिरड्यावरून नाव पडलं उकंडा. पुढे बापाने ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हाचे पाळक म्हणाले, बाप्तिस्म्याला पोराचं नाव योहान करू. बाप हात जोडून म्हणाला, "साहेब, ह्या नावावर जगलंय पोरगं. ह्याला तेवढा हात लावू नका." पाळक भला माणूस. तो हसला आणि म्हणाला, "राहू दे. गरिबाला उकिरड्यावरून उचलून सरदारांत बसवतो तोच आपला देव." अशा रीतीने उकंडराव उकंडरावच राहिले, आणि राजाच्या पदरी रुजू झाले.

येशू राजा आहे, याबद्दल उकंडरावांना तसूभरही शंका नव्हती. गावच्या ख्रिस्ती मंडळीतले बाकीचे लोक प्रभूला मेंढपाळ म्हणत, कोणी सखा म्हणत. उकंडरावांना ते फार सलगीचं वाटे. त्यांच्यासाठी तो राजा होता, आणि राजाशी कसं वागायचं ते त्यांना माहीत होतं. प्रार्थनाघराच्या दारात ते कमरेतून वाकून सलाम करत. रविवारी उभे राहून प्रार्थना करत तेव्हा सुरुवात ठरलेली: "हे स्वर्गीय महाराजा, मौजे डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, इथून तुझा सेवक उकंडा अर्ज करतो की..." पूर्वी ते जिल्हा परभणी म्हणत. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच आठवड्यात त्यांनी प्रार्थनेतही दुरुस्ती करून टाकली. उगाच पाऊस परभणीला जायला नको.

"पिनकोड राहिला," सुमनबाई शेजारून पुटपुटत. सुमनबाई म्हणजे उकंडरावांची बायको. तिची स्वतःची प्रार्थना चुलीपुढे चाले, भाकरी थापता थापता, शेजारणीशी बोलावं तशी. "प्रभू, पीठ संपत आलंय बरं का. आन त्या शेजारच्या जिवनबाईला जरा अक्कल दे, कालपासून फुगून बसली. थांब, भाकर उलटू दे." उकंडरावांच्या अंगावर काटा यायचा.

"अगं, राजासंगं असं बोलतेत व्हय?"

"मंग कसं बोलू? त्यालाबी भूक लागत होती की."

अडचण एवढीच होती, की राजा म्हणजे काय, हे उकंडराव तहसीलमध्ये शिकले होते. सगळी नोकरी त्यांनी साहेब लोक पाहिले. साहेब दौऱ्यावर येणार म्हटलं की आदल्या दिवशीपासून रस्ता झाडायचा, कुत्री हाकलायची, चावडीत सतरंजी टाकायची. साहेब गाडीतून उतरायचे, मान हलवायचे, चहाच्या कपाला ओठ लावल्यासारखं करायचे आणि जायचे. काम काही साहेबांकडून व्हायचं नाही. काम व्हायचं बाबूकडून. बाबूपर्यंत पोचायचं तर शिपाई, आणि शिपायापर्यंत पोचायचं तर गावचा कोतवाल. म्हणजे त्या लांबलचक शिडीची अगदी खालची, चिखलात रुतलेली पायरी उकंडराव स्वतः होते. शिडी नसलेला दरबार त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हता.

शिवाय कोतवालाने स्वतःचा कागद कधी पुढे सरकवायचा नसतो, हा त्यांचा जुना नेम. गावासाठी ते पाऊस मागत, नळाला पाणी मागत, कोणाची सून अडली तर तिच्यासाठी रडून प्रार्थना करत. स्वतःचं काही असलं, की मात्र वशिला शोधत. म्हैस हरवली तेव्हा पाळकांना गाठलं. लेकीचं लग्न जमेना तेव्हा मंडळीतल्या म्हाताऱ्या धुरपताबाईला. म्हैस सापडली, लेकीचं लग्नही झालं, आणि शिडी पक्की झाली.

असं सगळं सुरळीत चालू असताना नाताळानंतर उकंडरावांचा घसा बसला.

आधी वाटलं, नाताळची गाणी जरा जास्त ओरडून म्हटली, त्याचं आहे. आलं झालं, ज्येष्ठमध झाला. हळदीचं दूध तर इतकं झालं, की सुमनबाई म्हणाली, अर्ध्या हिंगोलीचा बाजार ह्या एका घशात गेला. पण आवाज काही येईना. यायचा तो गंजलेल्या मोटेच्या चाकासारखा. शेवटी दोघं एसटीने हिंगोलीला गेली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "स्वरयंत्रावर गाठ आहे. काढावी लागेल, नांदेडला. काढून तपासायला पाठवू. तोवर ओरडणं पूर्ण बंद, बोलणंही कमीत कमी."

"कशाची हाय म्हनायची गाठ?" सुमनबाईने विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार, आई."

डॉक्टर एवढं बोलून थांबले, आणि ते का थांबले हे दोघांनाही समजलं.   

घरी आल्यावर पाण्याचा तांब्या पुढे करत ती म्हणाली, "आता सांगा तुमच्या राजाला."

"सांगू की," उकंडराव घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले. "आधी पाळकसाहेबांना सांगून बघतो."

पाळकांचं नाव शांतवन. तरुण माणूस, नांदेडकडचा, डोंगरकड्याला येऊन दोनच पावसाळे झालेले. त्यांनी उकंडरावांच्या घशावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. मग म्हणाले, "आता उकंडराव, तुम्ही करा. हळू आवाजात चालेल."

उकंडरावांनी डोळे मिटले. मौजे, तालुका, जिल्हा झालं. राजाची स्तुती झाली. गावासाठी पाऊस, हळदीला बरा भाव, सरपंचाला सद्बुद्धी, पाळकसाहेबांच्या संसाराला आशीर्वाद, सगळं झालं. आमेन.

पाळकांनी एक डोळा उघडला. "उकंडराव, घशाचं राहिलं."

"तुमी सांगितलं न साहेब आत्ता. एकच काम दोनदा सांगितलं तर साहेब लोक चिडतेत."

शांतवन पाळकांना हसू आवरेना, आणि हसावं की नाही हेही कळेना. त्यांनी उकंडरावांना चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आले. "तो नाही हो चिडत," एवढंच म्हणाले. उकंडरावांनी मान डोलावली. नव्या बाबूचं बोलणं ऐकून घ्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी ते बागेतली एक फणी केळी घेऊन धुरपताबाईकडे निघाले. धुरपताबाई मंडळीतली सगळ्यात जुनी. तिची प्रार्थना पोचते, असा तिचा लौकिक होता. ती ओट्यावर पाय पसरून सुपातली हळकुंडं निवडत बसली होती, हात कोपरापर्यंत पिवळे.

"काहून आलास रे उकंड्या?" तिने वर न पाहताच विचारलं. "केळी आनली म्हंजी काम हाय तुझं."

उकंडरावांनी घशाला हात लावून थोडक्यात सांगितलं.

"कळलंय मला. सुमन सांगून गेली. मंग?"

"तुमी जरा सांगा की तिकडं. तुमचं ऐकतो तो. निर्मलाबाईची सून अडली व्हती, तुमी प्रार्थना केली अन् सुटली का न्हाई?"

"सुटली. देवानं सोडवली. आन नर्सबाईबी व्हती तिथं." धुरपताबाईने एक किडकं हळकुंड लांब भिरकावलं. "आन माझा गुडघा रे? हा बघ. रोज सांगते मी त्याला. रोज! गुडघा हाय तिथंच हाय. मी काय तहसीलची बाबू हाय का? माझा वशिला असता तर मी पळत सुटले असते गावातून."

उकंडराव गोंधळले. हा मुद्दा त्यांना कधी सुचलाच नव्हता. "मंग रोज काहून सांगता?"

"आपल्या मानसाला न्हाई सांगायचं तर कोनाला सांगायचं? तू काय नुसतं काम करून घ्यायला जातोस का राजाकडं?" म्हातारी आता पहिल्यांदा वर पाहून बोलली. "गुडघा दुखतो बाबा. पन मी एकली दुखत बसत न्हाई. तो बसतो संगं."

मग ती पुन्हा हळकुंडं निवडू लागली. उकंडराव उठायला लागले तशी म्हणाली, "केळी ठेव हितंच. तुझ्यासाठी करीन मी प्रार्थना. तुझ्या बदली न्हाई करनार."

उकंडराव घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. सुमनबाईने विचारलं, "काय म्हनल्या धुरपताबाई?" त्यांनी हात झटकला. पण भाकरी पुढे आल्यावर, अर्धी खाऊन झाल्यावर, त्यांच्या तोंडून ते निघालंच. कितीतरी वर्षं आत अडकलेलं असावं.

"सुमन, बाबूनं अडवलं, शिपायानं अडवलं, तर मानूस म्हनू शकतो की साहेब चांगला हाय, त्याच्यापोतर कागदच गेला न्हाई. पन मी थेट राजाकडं गेलो, अन् तोच न्हाई म्हनला, तर मंग मी कुठं जायचं?"

 सुमनबाईने त्यांच्या ताटात थोडं वरण वाढलं. "तो न्हाई म्हनला तरी तिथून उठायचं काहून?" ती म्हणाली. "तिथंच बसायचं."

नांदेडची तारीख मिळाली ती नेमकी ईस्टरच्या आधीच्या दुःखसप्ताहातली, झावळ्यांचा रविवार झाल्यावरची. झावळ्यांचा रविवार म्हणजे उकंडरावांचा दिवस. राजा यरुशलेमेत गाढवीच्या शिंगरावर बसून आला, लोकांनी झाडांच्या फांद्या तोडून वाटेवर घातल्या, त्याची आठवण. डोंगरकड्याची मंडळी काही मोठी नाही, सगळी मिळून एका टेम्पोत बसतील. पण मिरवणूक निघते, बसस्टँडच्या लिंबापासून प्रार्थनाघरापर्यंत. गावात शिंदीची झाडं कमी, म्हणून निम्म्या लोकांच्या हातात शिंदीच्या झावळ्या आणि निम्म्यांच्या हातात केळीची पानं. आणि सगळ्यांच्या पुढे, एकटे, उकंडराव. हलगीवर दोन टिपऱ्या मारायच्या आणि दवंडी द्यायची: "ऐका हो ऐका! राजा येऊन राहिला हो!" चहाच्या हॉटेलातली माणसं बाहेर येऊन उभी राहत. दरसाल कोणीतरी विचारायचं, "कोन्ता राजा, कोतवालदादा?" आणि दरसाल उकंडराव छाती पुढे काढून म्हणायचे, "राजांचा राजा!" वर्षभर साहेबांच्या दवंड्या दिल्या त्या पोटासाठी. ही एक दवंडी मात्र त्यांची स्वतःची होती.

यंदा त्यांनी सकाळीच सांगून टाकलं, "मी न्हाई येत. डोकं दुखून राहिलंय."

"डोकं का?" सुमनबाई म्हणाली. पण पुढे ताणलं नाही. तिने घरातली लाल काठाची नवी गोधडी काखेत घेतली. पाळकांनी मागितली होती. यंदा शांतवन पाळकांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली होती: मिरवणुकीत खरं गाढव आणायचं.

ह्या गाढवावरून मंडळीत आठवडाभर चर्चा झाली होती. गाढव मिळणं अवघड नव्हतं. वीटभट्टीवाल्या बालाजीकडे गाढवं होती, आणि तो धर्माने हिंदू असला तरी मदतीला कोणाला नाही म्हणणारा नव्हता. प्रश्न होता, गाढवावर बसायचं कोणी? आपल्याकडे गाढवावर बसवतात ते तोंडाला काळं फासून, गावातून धिंड काढायला. बालाजीनेच भोळेपणाने विचारलं, "पाळकसाहेब, राग नका मानू, पन तुमी देवाला मान देऊन राहिले का त्याची बेइज्जत करून राहिले?" पाळक म्हणाले, "तेच तर, बालाजीराव. जे जनावर लोक बेइज्जतीसाठी वापरतात, त्याच्यावर हा राजा आपणहून बसला." बालाजीला ते पटलं. मंडळीतल्या पुरुषांनाही पटलं, पण बसायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी ठरलं की कोणीच बसायचं नाही. पाठीवर नवी गोधडी घालायची आणि राजाची जागा मोकळी ठेवायची.

उकंडराव बनियनवरच ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांचं घर बसस्टँड आणि प्रार्थनाघर यांच्या मधल्या गल्लीत, त्यामुळे मिरवणुकीचा आवाज त्यांना सुरुवातीपासून ऐकू येत होता. म्हणजे ऐकू येत नव्हता, हीच तक्रार होती. "होसान्ना" असा राजाचा जयघोष करत होती मंडळी, पण उसनी साखर मागितल्यासारखी. हलगी कोणीतरी वाजवत होतं, ती तर ऐकवत नव्हती. उकंडरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्याशिवाय राजाची मिरवणूक चालली आहे, ह्याचं त्यांना दुःख झालं. आणि खरं सांगायचं तर ती बरी चाललेली नाही, ह्याने मन थोडं सुखावलंही.

मिरवणूक गल्लीत शिरली. पुढे गाढव, त्याच्या पाठीवर लाल काठाची गोधडी, शेजारी दोर धरून बालाजी, मागे पाळक आणि मंडळी. उकंडरावांच्या दारात शेळीसाठी आणलेली लुसलुशीत हिरव्या मक्याची पेंडी पडली होती. गाढवाने ती पाहिली. मग त्याने बालाजीकडे, पाळकांकडे, डोंगरकड्याच्या समस्त मंडळीकडे साफ दुर्लक्ष केलं, रस्ता सोडला, आणि सरळ येऊन उकंडरावांच्या ओट्यापुढे उभं राहिलं. मक्यात तोंड घातलं.

"हल की!" बालाजीने दोर ओढला. गाढव हललं नाही. मागून दोघांनी ढकललं. गाढवाने कान तेवढे मागे केले. हलगी थांबली, होसान्ना थांबलं. लोक हसायला लागले.

"कोतवालदादा, सोडा की आमच्या गाढवाला!"

"वरडा एकदा, दादा," बालाजी घाम पुसत म्हणाला. "तुमच्या आवाजानं म्हशी उठून पळायच्या, हे तर गाढव हाय."

उकंडराव उठून उभे राहिले होते. कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. सवयच ती. साहेब दारात आले की माणसाने उठायचं असतं. त्यांच्या अगदी पुढ्यात, हात पोचेल इतक्यावर, ती मोकळी पाठ होती. घरातलीच गोधडी, सुमनने पावसाळाभर बसून शिवलेली. रस्ता कोणी झाडला नव्हता. कुत्री कोणी हाकलली नव्हती, एक तर तिथेच शेपूट हलवत उभं होतं. वर्दी द्यायला कोणी पुढे धावत आलं नव्हतं, कारण वर्दी देणारा माणूस बनियनवर ओट्यावर बसला होता. आणि तरीही दौरा इथे, ह्याच दारात येऊन थांबला होता. मध्ये ना शिपाई, ना बाबू, कोणीच नाही.

हा मक्याचा प्रताप आहे, हे उकंडरावांना समजत होतं. ते काही भोळसट नव्हते. गाढवाला भूक लागली म्हणून गाढव थांबलं. पण साहेब निघून जाण्याआधी जे सांगायचं ते सांगून टाकावं, हेही त्यांना नोकरीतच शिकायला मिळालं होतं.

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. ओट्यावरून खाली उतरले, गाढवाच्या मानेवर हात ठेवला आणि वाकले. मौजे डोंगरकडा आठवलं नाही. तालुका आठवला नाही.

"प्रभू," ते इतक्या हळू म्हणाले, की शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सुमनबाईलाही ते ऐकू आलं नाही, फक्त त्यांचे ओठ दिसले. "घसा. लई भ्या वाटून राहिलंय मला."

आणखी काही सुचेना. तसेच वाकून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी गोधडीच्या लाल काठावर पडलं. लोकांचं हसणं हळूहळू थांबलं. मका संपल्यावर गाढवाने मान वर केली, एकदा फुरफुरलं आणि आपल्या मनाने प्रार्थनाघराच्या रस्त्याला लागलं.

"आयला!" बालाजी दोर धरून मागे धावत ओरडला. "दादा, काय सांगितलं हो त्याच्या कानात?"

उकंडराव नुसते हसले. त्या दिवसापासून वीटभट्टीवर सगळ्यांना ठाऊक आहे, की कोतवालाला गाढवाचा मंत्र येतो. अजूनही एखादं गाढव अडलं की त्यांना बोलावणं येतं. ते जातात, आणि गाढव नाही हलत.

त्यांनी आत जाऊन सदरा चढवला आणि मिरवणुकीच्या मागे, अगदी शेवटी, चालू लागले. एवढ्या वर्षांत त्यांनी ही मिरवणूक मागून कधी पाहिलीच नव्हती. केळीची पानं हलताना बरी दिसत होती. धुरपताबाई गुडघ्यावर हात ठेवून लंगडत चालली होती, तिने मागे वळून पाहिलं आणि त्यांच्यासाठी थोडी थांबली.

नांदेडच्या दवाखान्यात सकाळी हिरवे कपडे घालून त्यांना खाटेवर बसवलं, तेव्हा घाबरली ती सुमनबाई. जी बाई देवाशी पिठा-मिठाचं बोलायची, तिला आता एक शब्द सुचेना. तिने पाळकांना फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. "आवं, पाळकसाहेबांचा फोन बंद येऊन राहिला. आता कसं?"

उकंडरावांनी तिचा फोन हळूच काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. तिचा हात आपल्या हातात घेतला. बोलायचं नव्हतंच. त्यांनी एक बोट वर केलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं, आणि मान डोलावली. सांगून झालंय, असा त्याचा अर्थ होता. आत नेईपर्यंत ते चक्क पेंगत होते. नर्सबाई म्हणाली, "बाबांना भूल आधीच दिली का कोणी?"

गाठ काढली. तपासायला गेली. मधले दिवस उकंडराव डॉक्टरांच्या हुकमाने पूर्ण मौनात होते, आणि घर इतकं शांत झालं की शेळीसुद्धा ओरडायला बिचकायची. सुमनबाईला पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून भांडण काढायला लागली, पण एका हाताने काय टाळी वाजणार? निकाल यायचा होता, आणि तो कसाही येऊ शकत होता. रोज सकाळी उकंडराव ओट्यावर जाऊन बसायचे. ओठ हलायचे नाहीत. पण कोणाशेजारी तरी बसल्यासारखे बसायचे, थोडी जागा सोडून.

निकाल आला: गाठ साधी होती. सुमनबाई डॉक्टरांच्या टेबलापुढेच खाली बसली आणि रडली. मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. आवाज येईल, पण पहिल्यासारखा नाही. ओरडणं आता जन्मात करायचं नाही. दवंडी वगैरे तर विसराच. उद्यापासून घरातल्या घरात, हळू, थोडं थोडं बोला.

सुमनबाईने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गावाचा भोंगा कायमचा बंद झाला होता.  उकंडरावांनी डॉक्टरांना कमरेतून वाकून सलाम केला, पिशवी उचलली आणि एसटीकडे निघाले. वाटेत त्यांना रडू आलं नाही असं नाही. आलं. त्यांनी ते लपवलं नाही, एवढंच.

बोलायची परवानगी मिळाली त्या सकाळी सुमनबाई लवकर उठली. तिच्याकडे सांगायचं-विचारायचं फार साचलं होतं. पहिला शब्द आपल्याशी बोलतील, म्हणून तिने केस विंचरले, चहात आलं जास्त घातलं. चुलीवर तवा ठेवला, पहिली भाकर टाकली, आणि तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. आवाज कसला, कोरड्या पानांवरून कोणी सावकाश चालावं तशी खरखर. ती दारापर्यंत गेली.

उकंडराव भिंतीला टेकून बसले होते आणि बोलत होते. अर्ज नाही, पत्ता नाही. "शेळीचं एक थान आटून राहिलंय बघ. आन त्या बालाजीच्या भट्टीला औंदा गिऱ्हाईक न्हाई, त्याचं बघायला पायजे... सुमन रात्रीची कण्हती. मला सांगत न्हाई ती. तुला सांगती का?"

"आवं!" सुमनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "डॉक्टरनं थोडं बोला म्हटलं, अन् तुमी समदं तिकडंच संपवून राहिले. माझ्या वाटनीचं काही ठेवलं का न्हाई?"

उकंडरावांनी मान वळवली. घशाला हात लावून, एकेक शब्द जपून बाहेर काढत म्हणाले, "तुझंच तर सांगून राहिलो व्हतो."

सुमनबाईला आत जायचं होतं, तव्यावर भाकर होती. पण ती तिथेच उंबऱ्यावर टेकली. करपल्याचा वास यायला लागला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

ती भाकर मग दोघांनी वाटून खाल्ली, काळी बाजू खरवडून.